डब्ब्याची जांभई

महेजबीनच्या पायाला भिंगरी होती असं लोक म्हणायचे, पण ते अर्धंच खरं. भिंगरी पायाला असली की माणूस निदान कुठेतरी पोचतो. हिची भिंगरी डोक्यात होती. अकोल्याहून अमरावतीला निघालेली एसटी मूर्तिजापूरच्या स्टँडवर थांबली की बाकीचे प्रवासी पाय मोकळे करायचे, आणि ही ड्रायव्हर कुठल्या हॉटेलात बसलाय ते शोधून त्याच्या टेबलापाशी जाऊन उभी राहायची. बोलायची काही नाही, नुसती उभी. बिचारा अर्धा चहा बशीत ठेवून उठायचा. गाडीच्या मागे 'अति घाई संकटात नेई' असं रंगवलेलं असायचं, आणि ते वाचूनच ती गाडीत चढायची. वाचून माणूस सुधारला असता तर काय हवं होतं.

अमरावतीच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात ती तासिकेवर इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. वय तिशीला टेकलेलं, पण घरात लग्नाचा विषय निघाला की ती उठून दुसऱ्या खोलीत जायची. वर्गात खडू हातात घेऊन ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरायची आणि मुलांच्या माना तिच्यामागे फिरायच्या. आठवडाभर भाड्याच्या खोलीत, शनिवारी अकोल्याला, आणि घरी पोचल्यावर पाणी पिऊन लगेच अब्बांच्या जिनात.

अब्बा म्हणजे अब्दुल गफ्फार, खुशालरावांच्या जिनातले फिटर. कापसातून सरकी वेगळी काढायचा हा कारखाना. लांबलचक शेड, एका रांगेत यंत्रं, आणि प्रत्येक यंत्रावर एक बाई. बाईनं कापूस पुढे सारायचा, चामड्याच्या रोलरनं तो ओढून घ्यायचा, रुई एकीकडे नि सरकी खाली. महेजबीन शाळेत होती तेव्हापासून अब्बांचं जेवण घेऊन इथं यायची. शेडच्या दारापाशी, जिथं थोडी हवा लागते, तिथं पहिल्या यंत्रावर शकुनमावशी बसायची. सगळ्यांत जुनी म्हणून ती जागा तिची. पातूरच्या पलीकडच्या गावातली बाई, तोंडाची फटकळ, पण पोरीला रुईच्या गठ्ठ्यावर उड्या मारू द्यायची आणि वर अब्बांना खोटं सांगायची.

त्या शेडची एक रीत होती. चालत्या यंत्राची लाइन गेली की रोलरच्या फटीत कापूस अडकून बसतो. तो तसाच ठेवून मोटर पुन्हा फिरली तर रोलर जळतो, कधी ठिणगीही पडते, आणि रुईच्या शेडमध्ये ठिणगी म्हणजे काय ते सांगायची गरज नाही. म्हणून लाइन गेली रे गेली की प्रत्येक बाईनं आपल्या फटीत बोटं घालून कापूस ओढून काढायचा. भिंतीवर 'यंत्रात हात घालू नये' अशी पाटी होती. तिच्यावर रुईची पुटं चढली होती आणि ती पुसायचं कुणाच्या मनात येत नव्हतं, कारण हात घातला नसता तर पाटी लावणाऱ्याचंच नुकसान होतं.

ती वर्षं भारनियमनाची. वर्षं तशी सगळ्याच बाजूंनी वाईट होती. कापसाला भाव नाही, पावसाचा भरवसा नाही, पेपरच्या आतल्या पानावर रोज कुठल्या ना कुठल्या गावाचं नाव, कधी पातूरकडचं, कधी नांदगाव खंडेश्वरकडचं. लोक ते पान उघडायचे आणि मुकाट्यानं मिटायचे. वावरातून उठलेल्या कितीतरी बाया तेव्हा जिनात आल्या. यंत्र फिरलं तर त्यांची चूल पेटायची, इतका सरळ हिशेब.

भारनियमनाची वेळ ठरलेली असायची, तिचं एवढं काही नव्हतं. जीव खायची ती झपकी. लाइन डोळा मिटावा तशी जायची आणि उघडावा तशी यायची, दिवसातून कितीदा तरी. दर झपकीला अब्बांनी रांगेतल्या एकेका मोटरचं बटण दाबत पळायचं तर दिवस त्यातच गेला असता. त्यासाठी भिंतीवर एक डब्बा बसवला होता. लाइन आली की तो एकामागून एक मोटर चालू करायचा, सगळ्यांचा भार एकदम पडू नये म्हणून मध्ये थोडं थोडं अंतर ठेवून. पहिली मोटर अर्थात शकुनमावशीची.

डब्बा जुना आणि सुस्त. लाइन आल्यावर आधी त्याचा लाल दिवा लुकलुकायचा, आत काहीतरी चाललेलं असायचं, आणि बऱ्याच वेळानं एकदाची पहिली मोटर फिरायची. बाया म्हणायच्या, डब्बा जांभई देऊन राहिला. शकुनमावशीनं तर महेजबीनला एकदा सांगूनच टाकलं होतं, "तू एवढी शिकली, तं या डब्ब्याची जांभई घालव व पोरी. वाट पाहू पाहू जीव आंबते."

दिवाळीच्या आधी डब्बा आजारी पडला. कधी चालायचा, कधी रुसायचा. बनवणारी कंपनी कधीच बंद झालेली, आणि त्याच्यातला प्रोसेसर आता बाजारात मिळत नव्हता. खुशालराव स्वतः शेतकऱ्याच्या घरचे, चांगला माणूस, पण त्यांनी स्पष्टच सांगितलं की डब्बा मेला तर या झपक्यांत जिन चालवणं होणार नाही, हंगामाला शेड बंद ठेवावी लागेल. अब्बा त्या दिवशी घरी येऊन जेवले नाहीत. महेजबीन अंगणात येरझाऱ्या घालत होती. तिसऱ्या की चौथ्या फेरीला ती दारात थांबली आणि म्हणाली की डब्बा मी करते.

करायचं म्हणजे काय, ते समजून घ्यायला हवं. प्रोग्राम लिहिणारा जे लिहितो ते माणसाला वाचता येतं. त्यात त्यानं ठेवलेली नावं असतात, हे अमुक कारणासाठी केलंय अशा ओळी असतात. मग त्याचं दळण होतं आणि प्रोसेसरला कळणारे नुसते आकडे उरतात. चिपमध्ये असतात ते हेच आकडे. नावं गेली, कारणं गेली. पिठावरून ज्वारी कुठल्या वावरातली ते ओळखा म्हणण्यासारखं काम. डब्ब्यातल्या चिपमधून महेजबीननं ते आकडे काढून घेतले, पण ते चालवायला तसा प्रोसेसर कुठून आणायचा? तिनं ठरवलं, प्रोसेसरच नको. आकड्यांतून जे काम होतं त्याचं सरळ सर्किट करायचं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक कोरी चिप होती, जिच्यात हवं ते सर्किट भरता येतं. प्रोसेसर एक हुकूम वाचतो, पाळतो, मग पुढचा वाचतो. सर्किटात वाचायचं काही नसतंच, तिथं तारांची जोडणी हाच हुकूम, आणि सगळ्या तारा एकाच वेळी जाग्या असतात. वाट पाहणं नाही. हे महेजबीनला आवडलं नसतं तरच नवल.

आकडे हातानं उलगडत बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिनं एक अनुवादक प्रोग्राम लिहिला. एका बाजूनं आकडे घालायचे, दुसऱ्या बाजूनं सर्किटाचा आराखडा निघायचा. त्याला तिनं नियम शिकवले आणि त्यांतला एक नियम तिचा खास लाडका होता. ज्या हुकुमातून पुढे काहीच निष्पन्न होत नाही, तो टाकून दे.

जांभई तिला अगदी सुरुवातीलाच सापडली. डब्बा चालू झाला की प्रोसेसर आपल्या स्मृतीचा एकेक कप्पा पुसत जायचा, मग पहिल्यापासून एकेक तपासत जायचा, मग पुन्हा पुसायचा. पाटी धुऊन, वाळवून, परत धुणाऱ्या पोरासारखा. सर्किटात सगळे कप्पे एका फटक्यात कोरे होतात. अनुवादकानं तो सगळा भाग टाकून दिला. महेजबीन प्रयोगशाळेत एकटीच मोठ्यानं हसली आणि अब्बांना फोन लावून म्हणाली की तुमच्या डब्ब्याची जांभई गेली. अब्बा खूश. त्यांनी शेडमध्ये सांगितलं, तिथं सगळ्या बाया खूश. एवढ्या माणसांत एकालाही ती जांभई कामाची वाटली नाही. ज्या गोष्टीची रोज थट्टा करतो तिच्यावर आपला हात टेकलेला आहे हे कुणाच्या लक्षात येतं?

नवा डब्बा तिनं जुन्याशेजारी ठेवून तपासला. तोच इशारा दोघांना द्यायचा आणि दोघं काय करतात ते पाहायचं. जुन्यानं जे केलं ते नव्यानं केलं, त्याच क्रमानं, कुठे फरक नाही. काय होतं आणि कशानंतर होतं एवढंच तिनं ताडून पाहिलं. किती वेळानं होतं, हे पाहायचं तिला सुचलं नाही. वेळ जितका कमी तितकं चांगलं, हे ती जन्मतःच धरून चालली होती.

हंगाम सुरू झाला तेव्हा नवा डब्बा भिंतीवर होता. भारनियमनाची लाइन गेली, ठरल्या वेळी आली, आणि पहिली मोटर लगेच घुमली. मधल्या वेळात बाया फटी साफ करून, भाकरी खाऊन बसलेल्या, तेव्हा कुणाचा हात कुठे असण्याचा प्रश्नच नव्हता. खुशालरावांनी पेढे वाटले. शकुनमावशीनं पेढा तोंडात टाकून पोरीच्या पाठीवर थाप मारली.

झपकी आली ती त्याच दिवशी, थोड्या वेळानं. महेजबीन शेडमध्येच होती, दारापासून डब्ब्यापर्यंत आणि डब्ब्यापासून दारापर्यंत तिच्या फेऱ्या चालल्या होत्या. लाइन गेली, यंत्रांचा आवाज उतरत गेला, आणि रांगेतल्या सगळ्या बायांचे हात सवयीनं फटीत गेले. लगेच लाइन आली. लाल दिवा लागला न लागला तोच पहिली मोटर फिरली.

शकुनमावशी ओरडली नाही. ती फक्त "माय" म्हणाली, हळूच, एखादी वस्तू विसरल्यावर म्हणतात तसं. अब्बांनी झेप घेऊन मेन पाडला. दुसऱ्या यंत्राची पाळी तोवर आली नव्हती, म्हणून बाकीच्या बायांचे हात शाबूत राहिले. मावशीच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं वरच्या पेरापासून गेली. रुई किती पांढरी असते ते महेजबीनला त्या दिवशी दिसलं आणि ती पुढे कितीतरी दिवस रुईकडे पाहू शकली नाही.

खुशालरावांनी आपल्या गाडीतून मावशीला दवाखान्यात नेलं, स्वतः तिथं बसून राहिले. परत आल्यावर त्यांनी महेजबीनला एकच विचारलं.

"डब्बा चुकला का बेटा?"

'नाही' म्हटलं असतं तर ते खोटं नव्हतं. डब्बा प्रत्येक हुकूम पाळत होता. चूक मग पाटी न वाचणाऱ्या बाईची ठरली असती आणि सगळे सुटले असते. खुशालरावांचा चेहराही तेच सांगत होता. महेजबीनचे पाय शिवशिवत होते, तिथून निघून जावं असं तिला फार वाटलं.

"डब्बा नाही चुकला. मी चुकले," ती म्हणाली. "जुना डब्बा थांबायचा. ते मी काढून टाकलं."

खुशालरावांनी भिंतीवरच्या डब्ब्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मंग आता?"

दुसऱ्या दिवशी बाया आल्या, आपापल्या यंत्रावर बसल्या, पण कापसाला कुणी हात लावेना. लाइन गेली तर आम्ही फटीत हात घालणार नाही, त्यांनी अब्बांना सांगितलं. त्यांचं बरोबर होतं. आणि हात घातला नाही तर रोलर जळणार, हेही तेवढंच खरं. जुना डब्बा तपासणीनंतर पुरताच मेला होता. शेड बंद झाली. ज्या शेडसाठी हा सगळा खटाटोप केला ती महेजबीनच्याच हातानं बंद पडली.

ती शकुनमावशीच्या घरी गेली. दारात उभी राहिली, आत गेली, परत दारात आली. मावशी खाटेवर बसली होती, पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून. शिव्या देईल, असं महेजबीनला वाटत होतं. खरं तर तिला शिव्याच हव्या होत्या.

"मीच म्हटलं होतं ना व तुले," मावशी म्हणाली, "जांभई घालव म्हणून."

याच्याइतकं महेजबीनला काहीच लागलं नाही. तिला रडू फुटलं, आणि रडायलासुद्धा ती एका जागी बसू शकली नाही, खोलीभर फिरत रडत राहिली. मावशीनं तिला फिरू दिलं. निघताना महेजबीन एवढंच म्हणाली की मी ती परत आणते.

आता गंमत बघा. प्रोसेसरला उशीर लावायला काही करावं लागत नाही, तो मुळातच एक पाऊल टाकून दुसरं टाकणारा. सर्किटाला थांबणं माहीतच नसतं. थांबायचं तर थांबणं बांधावं लागतं. ठोके मोजणारा एक भाग, त्याचं मोजून होईपर्यंत बंद राहणारं दार, आणि मोजता मोजता पुन्हा झपकी आली तर परत पहिल्यापासून मोजायची अक्कल. जे तिनं रिकामं म्हणून टाकलं ते उभं करायला सगळ्या डब्ब्यात सर्वांत जास्त मेहनत पडली. अमरावतीच्या प्रयोगशाळेत ती दिवसभर खुर्चीत बसून ठोके मोजताना लाल दिव्याकडे पाहायची. दर वेळी तिला वाटायचं, पुरे आता, झालं. दर वेळी ती स्वतःला दाबून बसवायची.

जुन्या आकड्यांत नव्हतं ते तिनं आपल्या आराखड्यात साध्या मराठीत लिहिलं, 'बाईचा हात फटीत असतो, म्हणून थांब.' अनुवादकातला तो लाडका नियमही तिनं बदलला. ज्यातून काही निष्पन्न होत नाही ते टाकू नको, तिथं थांब आणि मला विचार. जुनी जांभई किती लांब होती ते आकड्यांवरून काढून नव्या डब्ब्यात तिनं तेवढीच घातली.

डब्बा भिंतीवर चढला त्या दिवशी सगळ्या बाया शेडमध्ये जमल्या, पण यंत्रावर कुणी बसलं नाही. शकुनमावशीही आली, पट्टीचा हात पदराखाली धरून. कुणी काही म्हणायच्या आत महेजबीन पहिल्या यंत्रावर जाऊन बसली. कापूस सारला, मोटर फिरू दिली, आणि अब्बांना म्हणाली की आता मेन पाडा आणि मी फटीत हात घातला की लगेच चढवा.

अब्बांनी मेनवरचा हात काढून घेतला. घरी असताना ते उर्दूत बोलायचे, जिनात वऱ्हाडीत, त्या दिवशी त्यांना दोन्ही सुचेना. शेवटी मान हलवून म्हणाले, "माझ्यानं नाही होत, बेटा."

मग शकुनमावशी पुढे झाली. तिनं अब्बांना बाजूला केलं आणि डावा हात मेनवर ठेवला.

"बस तू," ती म्हणाली. "मी पाडतो."

मेन पडला. महेजबीननं फटीत हात घातला. बोटांना चामडं लागलं, गरम होतं. मेन चढल्याचा खटका तिला पाठीमागून ऐकू आला आणि लाल दिवा लुकलुकू लागला. हात झटकन ओढून घ्यावा असं तिच्या सगळ्या अंगाला वाटत होतं, पण बाया कापूस जसा काढतात तसा, चिमटीचिमटीनं, तिनं तो काढला. हात बाहेर आला. दिवा अजून लुकलुकतच होता. काढलेला कापूस तिनं मांडीवर ठेवला, आणि मग मोटर फिरली. अब्बा खाली बसले.

महेजबीननं मागे वळून शकुनमावशीकडे पाहिलं. मावशी डब्ब्याकडे पाहत होती. तिनं पदराखालचा हात बाहेर काढला, पट्टीसकट समोर धरला.

"थोडी अजून लांबव," ती म्हणाली. "मी उद्या परवा याच जागी बसीन. आता माहा हात हळू चालते."

महेजबीन जागेवरून उठली आणि तिनं मावशीला तिथं बसवलं. अब्बांना मेन पाडून कुलूप लावायला सांगितलं. मग मावशीनं पट्टीचा हात हळूहळू फटीशी नेला, उरलेल्या बोटांनी कापूस धरून दाखवला, आणि तो हात पुरता बाहेर येईपर्यंत महेजबीन मनात ठोके मोजत राहिली, जागची हलली नाही.